घरी बनवलेला गिटारचा नेक उलटा का वाकतो

तुमचा प्रश्न मी असा समजलो. नाशिकला घराच्या गॅरेजमध्ये तुम्ही इलेक्ट्रिक गिटारचा नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, बनवलात. ऑगस्टमध्ये वखारीतून सागाची फळी आणली, राउटरने (खाचा पाडायच्या विजेच्या हत्याराने) ट्रस रॉडची, म्हणजे नेकच्या आत बसणाऱ्या, आवळता येणाऱ्या सळईची, खाच पाडली, मागवलेला तयार शिसवी फिंगरबोर्ड (बोटं दाबायची वरची पट्टी) सुतारकामाच्या पांढऱ्या डिंकाने चिकटवला, दुसऱ्या दिवशी तो रंध्याने सपाट केला, पाठ घासून गोल केली आणि त्याच आठवड्यात फ्रेट (सुरांच्या जागा ठरवणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्या) ठोकले. तेव्हा पट्टी लावून पाहिलं तर नेक सरळ होता. दिवाळीनंतर तारा चढवायला काढला, तर मधला भाग जवळपास एक मिलिमीटर वर आलेला आणि दोन्ही टोकं मागे गेलेली. ट्रस रॉड पूर्ण सैल केला तरी फरक नाही. म्हणून तुम्ही विचारताय की सीएनसी मशीन (संगणकाने चालणारं कापायचं यंत्र) नसताना घरी सरळ नेक बनूच शकत नाही का, आणि आता तयार नेक विकत घ्यावा का.

बनतो. तुमचं काम मी फोटोंत पाहिलं, त्यात हाताचा दोष दिसत नाही. खाच सरळ आहे, फ्रेट नीट बसलेत, पाठीची गोलाई तर खरंच सुरेख आलीय. त्यामुळे खरा प्रश्न मशीनचा नाही. लाकूड हलायचं थांबलेलं नसताना तुम्ही त्याला आकार दिलात, हा आहे. सीएनसीवर तीच फळी त्याच आठवड्यात कापली असती, तर तीही दिवाळीला अशीच वाकली असती.

आधी दोन नावं ठरवून घेऊ, म्हणजे पुढे घोळ होणार नाही. तारांच्या ओढीने नेक पुढे झुकतो आणि मधला भाग तारांपासून दूर जातो, त्याला मी सुलटा बाक म्हणतो. तो थोडासा हवाच असतो. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी ०.२ ते ०.३ मिलिमीटर खोलगट असला की तार मोकळी थरथरते, फ्रेटला घासत नाही. याच्या विरुद्ध, मधला भाग तारांकडे फुगतो तो उलटा बाक. तुमचा नेक उलटा वाकलाय आणि तुमचा रॉड जुन्या पद्धतीचा, एकाच दिशेने काम करणारा आहे. तो आवळला की नेक आणखी मागे जातो, सैल केला की फक्त स्वतःचा जोर काढून घेतो. पुढे ढकलायची ताकद त्याच्यात नाहीच. म्हणून सैल करून काही झालं नाही.

रॉडबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, की रॉड असला की लाकूड कसलंही चालतं. गिब्सन कंपनीत थॅडियस मॅकह्यू यांनी आवळता येणारा ट्रस रॉड काढला, त्याचं पेटंट १९२३ सालचं. तो तारांच्या ओढीला तोंड देण्यासाठी होता. फेंडर गिटारचे जनक लिओ फेंडर यांना तर सुरुवातीला वाटत होतं की मेपलचा नेक रॉडशिवाय टिकेल, आणि १९५० च्या अगदी पहिल्या एस्क्वायर गिटारींमध्ये रॉड नव्हता. पुढे लवकरच तो आला. रॉडचं काम तेव्हाही आणि आताही एवढंच, की तारांच्या ओढीचा हिशेब जुळवायचा. २५.५ इंची स्केलवर (स्केल म्हणजे तारेच्या थरथरणाऱ्या भागाची लांबी) नऊच्या सेटची, म्हणजे ज्यात सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच जाड असते त्या तारांची, एकूण ओढ सुमारे ३८ किलो, दहाच्या सेटची सुमारे ४६ किलो असते. तेवढ्याशी रॉड झुंजतो. ओल्या लाकडाशी त्याने झुंजावं ही अपेक्षा चूक आहे.

आता तुमच्या नेकमध्ये नेमकं काय झालं ते बघू. यात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत.

पहिली आणि सगळ्यात मोठी म्हणजे पाणी. लाकूड हवेतल्या दमटपणाशी जुळवून घेतं. हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास राहिली तर लाकडात वजनाच्या १७-१८ टक्के पाणी मुरतं. तीच ४० टक्क्यांवर आली तर साडेसात-आठ टक्के उरतं. नाशिक-पुण्याकडे श्रावणात पहिली स्थिती असते आणि कार्तिकानंतर हवा दुसरीकडे सरकू लागते. शिवाय वखारीत उघड्यावर उभी असलेली फळी आतून याहूनही ओली असू शकते. लाकूड रुंदीत जास्त आकसतं आणि लांबीत अगदी कमी, म्हणून लोक लांबीचा विचार सोडून देतात. पण नेकमध्ये दोन लाकडं एकमेकांवर चिकटलेली आहेत. तुमचा फिंगरबोर्ड भट्टीत वाळवून प्लास्टिकमध्ये बंद करून आलेला, म्हणजे कोरडा. खालचा साग ओला. पुढच्या दोन-तीन महिन्यांत साग वाळून लांबीत किंचित आकसला आणि वरचा शिसव जवळजवळ आहे तसाच राहिला. पाठीची बाजू आखूड झाली की तोंडाची बाजू फुगणारच. साडेचारशे मिलिमीटर लांबीत एका बाजूला दहा हजारात चार भाग आकसणं म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण बावीस मिलिमीटर जाडीच्या जोडपट्टीला तेवढ्याने अर्ध्या मिलिमीटरहून जास्त बाक येतो.

दुसरी गोष्ट फ्रेटची. फ्रेटच्या तारेला खाली एक पातळ जीभ असते आणि तिला बारीक दाते असतात. खाच जिभेपेक्षा जराशी अरुंद असली की प्रत्येक फ्रेट पाचरीसारखा बसतो आणि फिंगरबोर्डला लांबीत ढकलतो. एका फ्रेटने काही दिसत नाही. बावीस फ्रेटनी दिसतं, आणि हा बाकही उलटाच असतो. दुरुस्तीला येणाऱ्या गिटारींमध्ये फ्रेट बदलल्यावर नेक उलटा वाकल्याची तक्रार मी बरेचदा ऐकतो, तिथे पहिली शंका खाच आणि जिभेच्या मापावर घ्यावी.

तिसरी गोष्ट घाईची. पांढऱ्या डिंकात पाणी असतं. फिंगरबोर्ड चिकटवल्यावर ते पाणी जोडाच्या दोन्ही बाजूंच्या लाकडात शिरतं, तेवढा थर फुगतो आणि नेक काही दिवस थोडा उलटा वाकतो. नंतर पाणी निघून गेलं की तो पुष्कळसा परत येतो. तुम्ही दुसऱ्याच दिवशी फिंगरबोर्ड रंध्याने सपाट केलात आणि पाठही काढलीत. म्हणजे तुम्ही जो सरळपणा पट्टीने तपासलात तो त्या दिवसापुरता होता.

या तिन्हींत कुणाचा वाटा किती, हे तुमच्या फळीवर अवलंबून आहे. लाकडातल्या रेषा तिरकस असतील तर बाकाबरोबर पीळही पडतो, आणि पिळाला कुठलाच रॉड उपाय करत नाही. म्हणून आधी हे तपासा: दोन सरळ पट्ट्या घ्या, एक पहिल्या फ्रेटवर आणि एक शेवटच्या फ्रेटवर आडवी ठेवा, डोळा खाली आणून एकीच्या कडेवरून दुसरीची कड बघा. कडा समांतर दिसल्या तर पीळ नाही आणि नेक वाचू शकतो. वाचवायचा कसा ते शेवटी सांगतो. त्याआधी पुढचा नेक कसा करायचा ते लिहितो, कारण त्यातूनच हाही समजेल.

मी गृहीत धरतोय की तुम्हाला स्क्रूने बसणारा, फेंडर पद्धतीचा सपाट हेडस्टॉकचा (हेडस्टॉक म्हणजे तारांच्या खुंट्या बसतात ते टोक), २५.५ इंच म्हणजे ६४८ मिलिमीटर स्केलचा, बावीस फ्रेटचा नेक हवाय. गिब्सनसारखा मागे कललेला हेडस्टॉक हवा असेल तर जाड ठोकळा किंवा तिरका सांधा लागतो आणि हिशेब बदलतो. पहिल्या नेकला मी सपाट हेडस्टॉकच सुचवतो. साधारण ७०० लांब, ७५ रुंद आणि २५ मिलिमीटर जाड फळीत तो पूर्ण मावतो, आणि एक सांधा कमी म्हणजे एक काळजी कमी.

लाकडाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण निम्मं काम इथेच होतं. कठीण मेपल हे या नेकचं मूळ लाकूड, आणि आयात केलेलं मेपल आता मुंबई-पुण्यातल्या मोठ्या व्यापाऱ्यांकडे मिळतं. ते भट्टीत वाळवलेलं असतं, पण आपल्याकडे येऊन पावसाळाभर वखारीत पडलेलं असलं तर त्या वाळवण्याचा उपयोग संपलेला असतो. सागावर काही लोक नाक मुरडतात. मला ते पटत नाही. चांगला, सरळ रेषांचा, जुना साग नेकसाठी उत्तम आहे. मेपलपेक्षा तो दमटपणात कमी हलतो. त्याच्या दोन अडचणी आहेत. तो तेलकट असतो, म्हणून चिकटवण्याआधी ताजा रंधा मारून ॲसिटोनने पुसावा लागतो आणि लगेच चिकटवावा लागतो. आणि त्यातली वाळूसारखी खर हत्याराची धार लवकर मारते. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये किंवा रे रोडला मोडलेल्या वाड्यांचा, जुन्या दारा-चौकटींचा साग मिळतो. मी तो नव्या फळीपेक्षा आधी बघतो. कित्येक पावसाळे सोसलेलं लाकूड पुन्हा आश्चर्य दाखवत नाही. फक्त खिळे मात्र चुंबक फिरवून शोधून काढा, एक खिळा राउटरच्या बिटाचा तुकडा उडवू शकतो.

फळी निवडताना रुंद बाजूवरची नक्षी बघू नका, कड बघा. कडेवरच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कडेला समांतर गेल्या पाहिजेत. मध्येच वरच्या बाजूने बाहेर पडत असतील तर ती फळी टेबलासाठी चांगली, नेकसाठी नाही. रेषा उभ्या हव्यात की आडव्या यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. उभ्या रेषांची फळी थोडी जास्त निश्चिंत असते हे खरं, पण फेंडरचे बहुतेक जुने नेक आडव्या रेषांच्या मेपलचेच आहेत आणि आजही वाजतायत. लांबीतला सरळपणा जास्त महत्त्वाचा. हेडस्टॉकच्या भागात गाठ नको, तिथे जाडी १४-१५ मिलिमीटरच उरते.

फिंगरबोर्डसाठी शिसव आपल्याला घरचंच आहे. पश्चिम घाटातला हा वृक्ष. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलच्या रोझवूडचे ओंडके बाहेर जाणं बंद झालं, त्यानंतर जगभरच्या गिटार बनवणाऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर भारतीय शिसवच धरला. वखारीत मात्र उत्तरेकडचा शिशमही त्याच भावात पुढे केला जातो. तो वेगळा वृक्ष आहे, रंगाने तपकिरी-पिवळसर, जांभळी झाक नसलेला. कोरडा आणि सरळ असेल तर तोही चालतो, पण काय विकत घेतोय हे माहीत असावं. आणि शिसवाची धूळ अनेकांच्या अंगाला लागते, खाज येते, श्वासाचा त्रास होतो. घासताना एन९५ मास्क हवाच.

फळी वाळली की नाही हे ओळखायला महागडं मीटर लागत नाही. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा घ्या. वर सांगितलेल्या मापाची सागाची ओली फळी साधारण ८५० ग्रॅम भरेल. दोन्ही तोंडांना मेण किंवा ऑइलपेंट लावा, म्हणजे तिथून घाईने वाळून तडे जाणार नाहीत. खाली पट्ट्या देऊन ती आडवी ठेवा, अशी की चारी बाजूंनी हवा फिरेल. भिंतीला टेकवून उभी ठेवू नका. दर रविवारी वजन करून फळीवरच पेन्सिलीने लिहा. सतरा टक्क्यांवरून दहा टक्क्यांपर्यंत येताना तिचं वजन सुमारे ५० ग्रॅमने घटेल. लागोपाठ तीन-चार आठवडे आकडा हलला नाही की ती त्या हवेला जुळली. फिंगरबोर्डची पट्टीही प्लास्टिकमधून काढून तिच्याच शेजारी ठेवा. दोन्ही लाकडं एकाच खोलीत, एकाच दमटपणाला जुळलेली असणं, हे त्या दोघांच्या कोरडेपणापेक्षाही महत्त्वाचं आहे.

ही खोली कुठली हे तुमच्या गिटारवर अवलंबून आहे. गिटार नाशिकलाच राहणार असेल तर दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत काम करा. रत्नागिरीला किंवा मुंबईच्या समुद्राकाठी राहणार असेल तर फार कोरड्यात बनवलेला नेक तिथे जाऊन पाणी पिणार. रोज एसीच्या खोलीत वाजणार असेल तर तो तिसराच हिशेब. तरी एक गोष्ट सगळीकडे लागू आहे: भर पावसाळ्यात फिंगरबोर्ड सपाट करायचं अंतिम काम करू नये.

आता क्रम. माझ्या कामात क्रमाला हत्यारांपेक्षा जास्त किंमत आहे, आणि त्यामागचं सूत्र हे की फळी जितका वेळ चौकोनी ठेवता येईल तितका वेळ ठेवायची. चौकोनी फळीला संदर्भाच्या दोन सरळ कडा असतात. राउटरची मार्गदर्शक पट्टी त्यांच्यावर चालते, गुण्या त्यांच्यावर बसतो, क्लॅम्प त्यांच्यावर धरतो. एकदा का दोन्ही बाजू निमुळत्या केल्या आणि पाठ गोल केली, की पकडायलाही जागा राहत नाही.

म्हणून आधी वरचा पृष्ठभाग आणि एक कड रंध्याने अचूक करायची. मध्यरेषा चाकूने आखायची, पेन्सिलीने नाही. त्या मध्यरेषेवर ट्रस रॉडची खाच. दोन्ही दिशांनी काम करणारा आजचा रॉड साधारण सहा मिलिमीटर रुंद आणि नऊ मिलिमीटर खोल खाचेत बसतो. रॉड आधी हातात घेऊन मोजा, कागदावरच्या मापावर विश्वास ठेवू नका. खाच एका दमात पाडायची नाही, दर फेरीला दोन-तीन मिलिमीटर खोल. रॉड बोटाने दाबून बसावा, ठोकावा लागू नये आणि हलवला तर खुळखुळू नये. इथेच एक हिशेब करून ठेवा. फिंगरबोर्ड सहा मिलिमीटर, खाच नऊ, म्हणजे पंधरा झाले. पहिल्या फ्रेटपाशी नेकची एकूण जाडी २१ ठेवली तर रॉडच्या मागे सहा मिलिमीटर लाकूड उरतं. चारच्या खाली कधीही जाऊ नका. अतिशय पातळ नेकचा मोह पहिल्या वेळेला टाळा.

खाच पाडून झाली की फळी थोडी हलू शकते, कारण आतला ताण मोकळा होतो. तिला किमान आठवडाभर तशीच सोडा आणि वरचा पृष्ठभाग पुन्हा पट्टीने तपासा. हलली असेल तर पुन्हा हलका रंधा. मग बाजूंचा निमुळता आकार, पण रेषेपासून दोन-तीन मिलिमीटर बाहेर ठेवून, आणि पाठही जाडसर काढून पुन्हा थांबायचं. अंतिम मापाला येताना काढायला अगदी थोडं लाकूड उरलेलं असलं पाहिजे. उन्हात ठेवलेला पापड एका बाजूने आधी वाळला की वळतो. ताजं कापलेलं लाकूडही तसंच करतं, म्हणून एकाच बाजूचं खूप लाकूड एकाच दिवशी काढू नये.

फ्रेटच्या खाचा तुम्ही तयार घेतल्या होत्या. स्वतः पाडणार असाल तर फळी चौकोनी असतानाच पाडा. नटपासून (हेडस्टॉकच्या तोंडाशी तारा टेकतात त्या पट्टीपासून) कुठल्याही फ्रेटचं अंतर काढायला स्केलची लांबी घ्या, तिला दोनाच्या (फ्रेट-क्रमांक ÷ १२) एवढ्या घाताने भागा आणि उत्तर मूळ लांबीतून वजा करा. ६४८ मिलिमीटरला पहिला फ्रेट ३६.३७ वर येतो, दुसरा ७०.७० वर, पाचवा १६२.५५ वर, बारावा बरोबर ३२४ वर आणि बाविसावा ४६६.१६ वर. जुने कारागीर उरलेल्या लांबीचा अठरावा भाग घेत पुढे जायचे. तो आकडा खरा १७.८१७ हवा. अठराने गेलात तर बारावा फ्रेट ३२४ ऐवजी ३२१.६ च्या आसपास पडेल, आणि सप्तक कानाला टोचेल इतकं उतरेल. प्रत्येक अंतर नटपासूनच मोजा. एका फ्रेटपासून दुसऱ्यापर्यंत मोजत गेलात तर चुका साठत जातात. अचूकता किती हवी याचाही अंदाज देतो: ०.२ मिलिमीटरची चूक पहिल्या फ्रेटवर अर्ध्या सेंटएवढी (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग), म्हणजे कुणालाच न कळणारी. तीच बाविसाव्यावर जवळपास दोन सेंट होते. म्हणून वरच्या फ्रेटांना जास्त जपा.

खाचेची रुंदी सुमारे ०.६ मिलिमीटर असते. फ्रेटची जीभ व्हर्नियरने मोजा आणि दोन-तीन फ्रेट त्याच लाकडाच्या कापलेल्या तुकड्यात बसवून बघा. हलक्या हातोडीने बसला आणि नखाने उपटत नाही, एवढं पुरे. जोर लावावा लागला तर खाच रुंद करा. घट्ट फ्रेट म्हणजे चांगला फ्रेट, ही समजूतच बावीस पाचरी तयार करते.

चिकटवायला मी हळू सुकणारं इपॉक्सी वापरतो. पाच मिनिटांत सुकणारं घेऊ नका. इपॉक्सीत पाणी नाही, म्हणून फुगण्याचा प्रश्न निघून जातो, आणि ताणाखाली ते पांढऱ्या डिंकाइतकं सरकत नाही. रॉडवर कागदी टेपची पट्टी लावून मगच फिंगरबोर्ड ठेवा, म्हणजे चिकटद्रव्य खाचेत उतरणार नाही. नटच्या खाचेत आणि शेवटच्या फ्रेटजवळ बारीक पिना मारून बोर्डची जागा पक्की करा, नाहीतर क्लॅम्प आवळताना तो घसरतो. वर सपाट जाड फळी ठेवून भरपूर क्लॅम्प लावा. किती भरपूर, तर अजून एक बसेल असं वाटेनासं होईपर्यंत. पांढराच डिंक वापरणार असाल तर पातळ थर लावा आणि त्यानंतर किमान दोन आठवडे नेकला हात लावू नका.

इथवरचा क्रम एकदा सलग वाचा: वाळवणं, वरचा पृष्ठभाग, रॉडची खाच, विश्रांती, जाडसर आकार, विश्रांती, पुन्हा पृष्ठभाग, फिंगरबोर्ड, विश्रांती. फिंगरबोर्डची गोलाई, बाजूंची शेवटची रेषा, पाठ आणि फ्रेट हे सगळं त्यानंतर.

गोलाईसाठी १२ इंच त्रिज्येचा म्हणजे ३०५ मिलिमीटरचा लाकडी ठोकळा आणि त्यावर पॉलिश पेपर. जुन्या फेंडरची त्रिज्या सव्वासात इंच असते, ती हाताला छान वाटते पण उंच फ्रेटांवर तार ओढली की सूर मरतो. पहिल्यांदा बनवणाऱ्याला १२ सोपी. ठोकळा लांब घ्या आणि मध्यरेषेला समांतर चालवा, टोकांशी जास्त वेळ रेंगाळू नका.

पाठीबद्दल मी फार लिहीत नाही, तुमचा हात चांगला आहे. फक्त एवढंच: आधी पहिल्या फ्रेटपाशी आणि बाराव्या फ्रेटपाशी पुठ्ठ्याच्या साच्याने आडवा छेद अचूक काढा, २१ आणि २३ मिलिमीटर जाडीचा, आणि मग कानशीने त्या दोहोंना सरळ जोडा. मध्ये पट्टी लावून उजेड दिसतो का बघत राहा. फ्रेट बसवायच्या आधी रॉडने बोर्ड अगदी सरळ करून घ्या, मगच शेवटचा पेपर मारा.

शेवटी फिनिश. लॅकर असो वा तेल, दमटपणा थांबत नाही, फक्त सावकाश आत येतो. पण ते सगळीकडे सारखं लागलं पाहिजे. हेडस्टॉकची टोकं, नेकच्या टाचेचा खालचा भाग, स्क्रूची आणि मशीनहेडची (तारांच्या खुंट्यांची) भोकं, जिथे रेषांची तोंडं उघडी आहेत तिथून पाणी सगळ्यात जास्त शिरतं. जवसाचं किंवा टंग तेल वापरलंत तर तेलाचे बोळे चुरगळून कचऱ्यात टाकू नका. ते आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा मोकळे पसरून वाळवा.

आता तुमच्या हातातला नेक. तो टाकू नका. आधी त्याचं वजन आणि बाक दर आठवड्याला लिहायला लागा, म्हणजे तो अजून हलतोय की थांबलाय ते कळेल. दरम्यान बॉडीला स्क्रूने लावून दहाचा सेट चढवा, पूर्ण सुरात आणा, रॉड सैलच ठेवा आणि दोन दिवस सोडा. तारांची ओढ नेकला पुढे आणते. किती आणेल हे तुमच्या सागाच्या ताठपणावर आहे. पुढे येऊन किंचित सुलटा बाक दिसला तर तुमचा नेक वापरण्याजोगा आहे, फ्रेट समतल करून वाजवायला घ्या.

तारांखालीही उलटाच राहिला, तर वजन स्थिर होईपर्यंत थांबा आणि फ्रेट काढा. सोल्डरिंगची गरम केलेली टीप प्रत्येक फ्रेटवर क्षणभर टेकवली की तो लाकडाच्या कमी चिपा उडवत निघतो. सगळे निघाले की पुन्हा मोजा. बाक बराच कमी झाला असेल तर दोष खाचांचा होता, त्या जराशा रुंद करून नवे फ्रेट बसवले की काम होईल. फारसा कमी झाला नसेल तर तो वाळण्याचा बाक आहे. मग गोलाईच्या ठोकळ्याने मधला फुगवटा घासून काढा. सहा मिलिमीटरच्या बोर्डातून मध्यभागी ०.७ मिलिमीटर गेला तरी पाचाहून जास्त उरतो. खाचा तेवढ्याच उथळ होतील, त्या पुन्हा खोल करा. गरम करून, उलटं दाबून नेक सरळ करायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. त्याने जोडातला डिंक सरकतो आणि पुष्कळदा काही महिन्यांत तोच बाक परत येतो. तुमच्याकडे बोर्डात जाडी शिल्लक आहे, तर तो मार्ग कशाला?

तयार नेक विकत घ्यायला हरकत काहीच नाही. गिटार पुढच्या महिन्यात वाजवायची असेल तर घ्या, आणि हा नेक शेजारी ठेवून सावकाश दुरुस्त करा. पण विकत घेतलेला नेकही डब्यातून काढून त्याच दिवशी बसवू नका. तो दोन-तीन आठवडे त्याच खोलीत राहू द्या आणि मग पट्टी लावा. आणि पुढच्या नेकची फळी आत्ताच आणा. तोंडांना मेण लावून, वजन लिहून ती पट्ट्यांवर आडवी टाका. मार्चपर्यंत तिचा आकडा हलायचा थांबेल, तेव्हा मला वजनांची यादी पाठवा, खाच कधी पाडायची ते तिच्यावरून ठरवू.